शिळी भाकर आणि दगडाची शिळा

भाकरी रात्रभर राहिली की दगडासारखी कडक होते, म्हणून "शिळी" हा शब्द दगडाच्या शिळेवरून आला असेल का, असं विचारलंय तुम्ही. डोकं भारी चालवलंय, पण तसं नाहीये. दगडाची शिळा आली संस्कृत शिला वरून, आणि शिळा-शिळी-शिळं हे विशेषण शीतल वरून, म्हणजे मुळात फक्त थंड झालेलं, बस. शीतल मधला त प्राकृतात गळाला आणि सीअल झालं (माता ची माय झाली तसंच), मग ल चा ळ, जसं फल चं फळ. आमच्या अहिराणीत तर तो ळ पण टिकत नाही, शियी भाकर म्हणतात.

श्रावणातली शिळासप्तमी आठवा ना. पूजा शीतलादेवीची, चूल पेटवायची नाही आणि आदल्या दिवशीचं गार खायचं.

म्हणून शिळं म्हणजे खराब नव्हे. मे महिन्यात जळगावला पारा ४४ ला टेकतो तेव्हा दुपारचं वरण रात्रीपर्यंत फसफसतं, त्याला आई कधी शिळं म्हणाली नाही, "इटलं" (म्हणजे विटलं) म्हणायची आणि सरळ बाहेर ओतायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली, भाकर मात्र सकाळी कुस्करून, वरून कच्चं शेंगदाणा तेल, ठेचा, कांदा, आणि त्याला शिळीच लागते, गरम भाकरीचा नुसता चिकट गोळा होतो, करून बघा.

नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं की वासी, हिंदीत बासी, ते दोन्ही वस् म्हणजे मुक्काम करणे यावरून, संस्कृतातलं पर्युषित (म्हणजे शिळं) पण त्याच धातूचं. म्हणजे त्यांनी रात्र मोजली, आपण ऊब गेलेली पाहिली. आणि गंमत म्हणजे याच्या उलटचा "ताजा" आपण फारसीतून घेतलाय.

आता तुम्ही म्हणाल मग "शिळं पाणी" कसं, ते कुठं गरम होतं? बरोबर आहे, तिथे अर्थ सरकलाय, थंड झालेलं वरून नुसतं ठेवलेलं इथपर्यंत, आणि तसाच पुढे सरकत बातमी नि जोकपर्यंत गेला. आमच्याकडे नळ रोज येत नाही, तरी आला रे आला की घरातले भरलेला माठ शिळा म्हणून मोरीत उपडा करतात, मी आपला ओरडत असतो की अरे निदान तुळशीला तरी घाला.