शिक्का नसलेली जुनी संगीन कोणत्या बंदुकीची, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा पलटणीत होते, माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची संगीन सापडली. पातं १२ इंच, धार एकाच बाजूला, पात्यावर पन्हळ, लाकडी मूठ दोन स्क्रूंनी आवळलेली. नाव-गाव-शिक्का काही नाही. जुन्या वस्तू घेणारा एक जण म्हणतो, "शिवकालीन आहे, माझ्याकडे द्या."

देऊ नका. आपल्या कोल्हापुरात मर्दानी खेळामुळे शस्त्रांची आवड घरोघरी, त्यामुळे गंजलेलं लोखंड दिसलं की ते शिवकालीन ठरवायची घाईही तेवढीच. तुमच्या संगिनीच्या मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीला वर एक गोल कडी आहे ना? ती जिच्या तोंडावर बसते ती बंदूक महाराजांच्या काळात जन्मलीच नव्हती. मराठी फौजेतली जुनी संगीन म्हणाल तर पानिपतावरचे गारदी किंवा महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी आठवा. त्या काळची संगीन नळीवाली. पात्याला मूठच नसायची, तिथे पोकळ नळी असायची आणि ती बंदुकीच्या नळीवर बाहेरून चढवायची.

मी उद्यमनगरात टूलरूमला काम करतो. गेली बारा-तेरा वर्षं असल्या वस्तू हाताळतोय, आणि माझं ठाम मत आहे की शिक्का शोधण्यात वेळ घालवू नये. आधी कडीचं भोक मोजावं. संगीन ही एकटी वस्तू नाहीच, ती बंदुकीचा सुटा भाग आहे. ती कुठे तरी अचूक बसायची म्हणूनच बनवलेली असते. शिक्का घासून जातो, खोटाही मारता येतो. बसायची जागा मात्र बदलत नाही.

तेव्हा कुठल्याही वर्कशॉपमधून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) मागून आणा. कडीचा आतला व्यास साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आला, तर ती शॉर्ट ली-एनफिल्डची, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची. गंमत अशी की या बंदुकीत कडी नळीवर चढतच नाही. नळीच्या खाली, पुढच्या टोपणाला एक बुटका खुंट असतो, त्यावर ती बसते. मुठीच्या मागच्या टोकाला उलट्या टी-सारखी खाच आणि बाजूला दाबायचं बटण असेल, ते बघा. गंजाने बटण अडकलं असेल तर रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा, हातोडी मारू नका.

त्या खाचेत टॉर्च मारून नीट बघा. कारखान्यात मिलिंग केलेल्या खाचेच्या भिंती समांतर असतात आणि खाच कडीच्या बरोबर रेषेत येते. हाताने कानस मारून केलेल्या नकलेत भिंती पोटाला फुगलेल्या असतात, कडीही जराशी तिरकी. डोळ्याला कळलं नाही तरी बोट फिरवल्यावर कळतं.

आता पातं. थ्री-नॉट-थ्रीच्या पॅटर्न १९०७ या लांब संगिनीचं पातं १७ इंच. सुरुवातीला तिच्या आडव्या पट्टीचं खालचं टोक आकड्यासारखं वळवलेलं असे, १९१३ मध्ये तो आकडा काढला. तसलीच लांब, पण लाकडी मुठीवर दोन आडव्या खाचा असलेली दिसली तर ती पॅटर्न १९१३, वेगळ्या बंदुकीची. पातं १२ इंचाचं पण दुधारी, मधोमध नुसती धार उठवलेली कणा-रेघ असेल तर ती त्याहून जुनी, पॅटर्न १८८८ किंवा १९०३.

तुमचं मात्र १२ इंच आणि एकधारी. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ही संगीन आखूड केली. काही नव्या बनवल्या, काही १७ इंची कापून. आता पन्हळ कुठे संपते ते बघा. टोकाच्या बऱ्याच अलीकडे ती गोलसर मिटली असेल तर पातं १२ इंचाचंच घडवलेलं. टोकाच्या अगदी जवळपर्यंत आली असेल तर मूळचं लांब पातं कापून नवं टोक काढलंय. मला विचाराल तर ही दुसरी जास्त मोलाची. एकाच पात्यावर दोन काळांची कामं दिसतात.

शिक्का हवाच असेल तर मुठीलगतचा पात्याचा सपाट भाग बघा. खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च जवळजवळ आडवी धरा. मुगूट, तारीख, इंग्रजी आर-एफ-आय (म्हणजे ईशापूरचा कारखाना) यातलं काही सावलीसारखं उमटेल. एक्ससारखी खूण दिसली तर ती कंपनीची नव्हे, पातं वाकवून तपासल्याची. मुठीच्या टोकावरचे आकडे बहुधा पलटणीचे किंवा रॅकचे. आजोबांची पलटण ठाऊक असेल तर ते आधी उतरवून घ्या.

आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. माझी पहिलीच संगीन मी हौसेने बफिंगला लावली होती. सकाळी तारखेतले दोन आकडे वाचता येत होते, दुपारी आरशासारखं पातं हातात होतं आणि आकडे भुश्यात. आता फक्त शिलाई मशीनचं तेल आणि सुती फडकं.

शस्त्र कायद्याच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत संगिनीचं नाव आहे. म्हणून विकण्याआधी किंवा भिंतीवर लावण्याआधी पोलिस ठाण्यात विचारून घ्या. कडीचा व्यास आणि पन्हळीच्या टोकाचा फोटो इथे टाकलात तर दोन्हींतली कोणती ते सांगतो.