पहिल्याच बॅचला खणाचा ब्लाउज शिकवावा का?

ताई, नाशिकमध्ये घरी शिवणक्लास काढताय आणि मशीन कधी चालवलंच नाही अशा बायकांना पहिल्यांदा खणाचा साधा ब्लाउज शिकवला तर जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमेल. फक्त टक्स (अंगाच्या आकारासाठी घातलेल्या चुण्या), अस्तर, हुक असलेला अंगाबरोबर बसणारा ब्लाउज घेऊ नका. सिडकोतल्या माझ्या पहिल्या बॅचला मी तोच घेतला होता. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या भोकाची, गोलाई बसेना, नुसती उसवाउसवी. तिसऱ्या आठवड्यात दोघींनी यायचं सोडलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मीच कपडा चुकीचा निवडला होता.

तेव्हापासून मी चौकोनी तुकड्यांचा सैल ब्लाउज घेते. मुंढा नाही, बाही सरळ जोडायची आणि काखेत कळी, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून छोटा चौकोनी तुकडा, घालायची. गळ्याला पुढे पाच इंचांची चीर, तिला नाडी. हातमागाचं कापड वाया जाऊ नये म्हणून जुने लोक असंच सरळ कापायचे.

३४ छातीला माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) धरून पुढचा आणि मागचा तुकडा प्रत्येकी २० बाय २३ इंच, बाह्या १६ बाय ११, कळ्या साडेचार इंचांच्या. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ३१ इंच असतो. आता बेरीज करा: अंगाचा तुकडा २०, त्याच्या शेजारी बाही ११, पन्हा पुरा! बाही आडवी कापली की खणाचा काठ आपसूक बाहीच्या तोंडाशी येतो. उरलेल्या पट्टीत दोन्ही कळ्या आणि गळ्याची आतली पट्टी निघते. सव्वा मीटरमध्ये सगळं बसतं. हा हिशेब फळ्यावर मांडला की बायकांचे चेहरे उजळतात, दर बॅचला. पण पन्हा दुकानातच मोजून घ्या, थोडा कमी-जास्त निघतो.

पहिला ब्लाउज मात्र मांजरपाटाचाच. मेन रोडला स्वस्तात मिळतं. आधी धुऊन वाळवा, नाहीतर नंतर आटतं. थेट खण नको, कारण खणाचे धागे फार सुटतात, नवख्या हातात कडा विसकटते.

खरा वेळ कळीला द्या. चारही कोपऱ्यांना अर्धा इंच आत खडूने टिंब काढायला लावा. आधी कच्चा टाका, मग मशीन. बाहीकडून शिवत टिंबाशी आलं की सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड वळवायचं आणि अंगाच्या बाजूने पुढे जायचं. टिंबाच्या पुढे एक टाका जरी गेला तरी काखेत चुणी पडते. मी प्रत्येकीकडून चिंधीवर तीनदा कळी बसवून घेते, मगच ब्लाउजला हात.

बॅच पाच जणींपेक्षा मोठी नको, कळीच्या दिवशी प्रत्येकीशेजारी बसावं लागतं. आणि इस्त्री मशीनजवळच गरम असू द्या. प्रत्येक शिवण दाबूनच पुढची घ्यायची.