परदेशात रानभाज्यांची सेंद्रिय बाग करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की भाड्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे रानभाज्या लावायच्या आहेत, तर बियाणं मायदेशातून मागवावं का आणि पहिलं काम कोणतं करावं. बियाणं मागवू नका. आणि पहिलं काम म्हणजे एक अख्खा हंगाम त्या जागेत आपोआप काय उगवतं ते बघणं.

मीही परदेशातच राहते, थंडीच्या मुलखात. इथे येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की आपल्या रानभाज्या इकडे कुठून असणार. पण घोळ, चाकवत आणि आंबुशी ही जगभर पसरलेली तणं आहेत. फुटपाथच्या फटीत, कुंपणाच्या कडेला, नुकत्याच खणलेल्या मातीत ती बहुतेक देशांत भेटतात. लोक त्यांना उपटून फेकतात, एवढंच. म्हणजे तुमच्या बागेचं निम्मं बियाणं कदाचित त्या मातीत आधीच पडलेलं आहे. चाकवताचं बी तर मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि जमीन हलवली, उजेड मिळाला की उगवतं. हातभर जागा खणून तशीच सोडा आणि काय येतं ते पाहा.

बियाण्याला नाही म्हणते त्याचं कारण कायद्याचं आहे. युरोपीय संघात डिसेंबर 2019 पासून बाहेरून येणाऱ्या रोपांना आणि बियांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला. पिशवीत गुंडाळून आणलेल्या मूठभर बियांना तो कोण देणार? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बी जाहीर न करता सामानात सापडलं तर दंड होतो. अमेरिकेत तर आपला केना आणि नाळीची भाजी या दोन्ही केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत, त्यामुळे तिथे त्यांचा विचारच सोडा. जे लावायचं ते त्या देशातल्याच बियाणे विक्रेत्याकडून घ्या. घोळीचं बी भाजीचं बियाणं म्हणून सहज विकत मिळतं. रानातून रोप उपटून आणायचा मोह झाला तर आधी तिथला नियम बघा. ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे.

आता ओळखीबद्दल, कारण खरी जोखीम तिथे आहे. ओळखीच्या मुलखात डोळ्याला जी सवय असते ती नव्या मुलखात फसवते. झाड तेच दिसतं, पण त्याच्यासारखं दिसणारं भलतंच झाड शेजारी असतं. घोळीसारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी तणं असतात. देठ मोडा: पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. घोळीचा देठ गुबगुबीत, पाणीदार आणि बिनचिकाचा असतो. चाकवताच्या कोवळ्या पानांवर पांढरट पिठूळ थर असतो, तो बोटाने पुसला जातो. युरोपात वसंतात रानलसूण काढायची हौस आहे, आणि तिची पानं लिली ऑफ द व्हॅली व कोल्चिकम या दोन विषारी झाडांच्या पानांशी मिळतीजुळती असतात. चुरगळून वास घ्यावा असं सांगतात, पण दोन-चार पानं खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि मग सगळंच लसूण वाटतं. म्हणून एकेक पान बघूनच घ्यायचं, मूठभर ओरबाडायचं नाही. गाजराच्या कुळातलं, म्हणजे छत्रीसारखी पांढरी फुलं येणारं रानटी काहीही नवख्याने तोंडात घालू नये. त्या कुळात हेमलॉक हे जीवघेणं विषारी झाड आहे, त्यात दुसरी संधी मिळत नाही.

फोनमधलं ॲप नाव सुचवायला ठीक आहे, खायची परवानगी द्यायला नाही. शास्त्रीय नाव शोधा (घोळ म्हणजे पोर्टुलाका ओलेरासिया, चाकवत म्हणजे केनोपोडियम आल्बम), त्या नावाने तिथल्या वनस्पतींच्या पुस्तकात पान, देठ, फूल, बी सगळं जुळवा, आणि जमलं तर तिथल्या जाणत्या माणसाला झाड दाखवा. मी फूल येईपर्यंत थांबते. त्यात एक हंगाम गेला तरी चालतो.

तण आपोआप उगवलं म्हणून ते सेंद्रिय झालं असं मात्र नाही. भाड्याचं घर आहे, तर मालकाला सरळ विचारा: हिरवळीवर तणनाशक मारलं होतं का, कधी? घर जुनं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग 1978 मध्ये बंद झाला, त्याआधीची घरं भरपूर आहेत. मातीची तपासणी करून घ्या, किंवा भिंतीपासून लांब वाफा उंच बांधून त्यात दुसरी माती भरा. घोळ जमिनीसरशी वाढते, पावसात तिच्यावर माती उडते, त्यामुळे तिच्याबाबत हे जास्तच जपायचं.

आणि शेणखत. सेंद्रिय बाग म्हटलं की आपण डोळे झाकून शेणखत आणतो. पण अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक कुरणावर मारलं जातं, ते गवतातून गुराच्या पोटात आणि तिथून तसंच शेणात उतरतं, आणि खत कुजल्यावरही टिकून राहू शकतं. अशा खतात रुंद पानांच्या भाज्या वाकड्यातिकड्या होऊन मरतात. त्यामुळे खत आणलं की आधी दोन कुंड्या भरा, एकीत खत मिसळलेली माती, दुसरीत बिनखताची, आणि दोन्हींत घेवडा किंवा वाटाणा पेरा. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं आकसली, कडा आत वळल्या, तर ते खत परत करा.

पेरणीत फार काही नाही. चाकवत थंड मातीतही उगवतो, म्हणून तो हिमकडाका सरता सरता. घोळीला माती चांगली तापलेली लागते आणि उजेडही लागतो, म्हणून तिचं बी मातीत पुरायचं नाही, वर भुरभुरून हाताने दाबायचं. दक्षिण गोलार्धात असाल तर महिने उलटे धरा. खरं काम नंतरचं आहे: यांना आवर घालणं. फुलं दिसली की शेंडे खुडा, बी पडू देऊ नका. घोळ खुरप्याने कापून तिथेच टाकली तर तुकड्यांना पुन्हा मुळं फुटतात, तेव्हा उचलून न्या. मुळांनी पसरणारं काहीही मी जमिनीत लावत नाही, फक्त कुंडीत, आणि कुंडी फरशीवर. त्या देशात आक्रमक म्हणून नोंदलेलं झाड कितीही चविष्ट असलं तरी लावू नये. शेजाऱ्यांना ही बाग म्हणजे माजलेलं रान वाटणार हेही धरून चाला. काही शहरांत तण ठरावीक उंचीच्या वर गेलं की पालिकेची नोटीस येते. वाफ्याला नीट कडा बांधा, नावाच्या पाट्या लावा. वाफा दिसला की लोक त्याला बाग म्हणतात.

घोळ सकाळी खुडली तर जास्त आंबट लागते, कारण रात्रभर तिच्यात मॅलिक आम्ल साठतं आणि दिवसा उन्हात ते वापरलं जातं. आंबट नको असेल तर दुपारनंतर खुडा. घोळ, चाकवत आणि आंबुशी या तिन्ही भाज्यांमध्ये ऑक्झॅलेट, म्हणजे मूतखड्याला हातभार लावणारा क्षार, भरपूर असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी उकडून पाणी टाकून द्यावं आणि रोज एकच भाजी खाऊ नये. नवी भाजी पहिल्यांदा खाताना ती एकटीच, शिजवून, चार घास. दोन नव्या भाज्या एका दिवशी नकोत, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळणार नाही. आणि खुडलेल्या झाडाची एक डहाळी फुलासकट दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा, म्हणजे दवाखान्यात जायची वेळ आलीच तर दाखवता येईल.