नवव्या महिन्यात पोट मधूनच कडक होतं, या कळा खऱ्या की खोट्या?
३७ आठवडे उलटल्यावर पोट असं दगडासारखं होणं नेहमीचंच. कूस बदलली, थोडं चाललं की थांबतं? मग त्या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत. बहुधा कंबरेतून पुढे येतात, दोन कळांमधलं अंतर घटत जातं आणि कळ चालू असताना धड बोलताही येत नाही. साधारण दर ५ मिनिटांनी, मिनिटभराची कळ तासभर येत राहिली की दवाखान्यात जायला निघायचं. बाळ खाली सरकलं की श्वास मोकळा होतो, पण लघवीला सारखं पळावं लागतं (झोपेचं विचारूच नका). मात्र अंगावरून पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. ‘शेवटी बाळ कमीच हलतं’ असं कुणीतरी सांगेलच. ते खरं नाही.