वसईचा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. फादर व्हावंसं वाटतं; कॉलेज सोडून सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या संस्थेत) जाऊ का?

सोडू नका, आधी पदवी घ्या. कॅनन लॉनुसार (कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार) साधारणपणे वयाची 25 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, मिळत नाही, आणि तत्त्वज्ञान व ईशज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) अभ्यासाला मिळून निदान 6 वर्षं लागतात. तेव्हा घाई कसली? आत्ता एकच आध्यात्मिक मार्गदर्शक धरा, महिन्यातून एकदा भेटा, प्रेमप्रकरणासकट सगळं सांगा. आजाऱ्याच्या खाटेशी किंवा मयताच्या घरी तासभर बसल्यावरही ओढ टिकते का, ते बघा. नुसती अल्तारावरच्या झग्याची असेल तर ओसरते. प्रेमभंगानंतर किंवा नापास झाल्यावर लगेच अर्ज करू नये; ते बहुधा पाचारण (देवाचं बोलावणं) नसतं, पळवाट असते. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशन संस्काराचे) दाखले मात्र चर्चच्या ऑफिसातून आताच काढून ठेवा. हे धर्मप्रांतीय, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या, फादरांना धरून सांगितलं. जेज्वीट (येशूसंघ या संन्यस्त संघाचा सदस्य) व्हायचं असेल तर सुरुवातीलाच 2 वर्षांचं नोव्हिशिएट (उमेदवारीचा काळ) असतं.