मामांची डिझेल, डीलरची पेट्रोल की नवी कोरी?

प्रश्न (पत्र थोडक्यात) : मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात राहतो. वय ३६, अनुदानित शाळेत लिपिक आहे. हातात ४१ हजार येतात, पत्नी शिवणकामातून सहा-सात हजार मिळवते. घर स्वतःचं. विम्याचे हप्ते धरून महिन्याचा खर्च ३२ हजार. उरतं ते बहुतेक शेतीत जातं. चार एकरांत सोयाबीन-तूर असते, पण २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पावसाने सोयाबीन गेलं. बँकेत २ लाख ६० हजारांची एफडी आहे, पतसंस्थेत १ लाख २० हजार. वडिलांना महिन्यातून दोनदा लातूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं, त्याशिवाय परळीची सासुरवाडी, लग्नकार्यं. महिन्याला सातशेच्या आसपास किलोमीटर होतील. चार दरवाज्यांची, डिकीवाली, मॅन्युअल गिअरची गाडी हवी आहे. पर्याय तीन. पत्नीच्या पुण्यातल्या मामांची २०१३ ची मारुतीची डिझेल डिझायर, १ लाख ४० हजार रनिंग, पावणेतीन लाखांत. संभाजीनगरच्या डीलरकडची २०१८ ची होंडाची पेट्रोल अमेझ ४ लाख ६० हजारांत, त्यात दोन लाखांचं कर्ज तो ९ टक्क्यांनी चार वर्षांसाठी करून देतो. तिसरा पर्याय म्हणजे डिकीचा हट्ट सोडून नवी छोटी गाडी, पाच लाख कर्ज, सात वर्षं. कोणती घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रात गाड्यांवर दीड पान आहे आणि पतसंस्थेवर एक ओळ. मी उलट्या क्रमाने घेतो.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. ते सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. पतसंस्था बुडाली की काय होतं, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. ती ठेव कधी पिकते ते बघा. मुदतीआधी मोडता येत असेल तर थोडं व्याज सोडून मोडा आणि पैसे बँकेत आणा. ते आल्यावरही गाडीचे नाहीत. घरात हृदयाचा पेशंट आहे, शेतीचं उत्पन्न एका पावसात जातं हे नुकतंच पाहिलंत, तेव्हा जवळपास चार महिन्यांचा खर्च तरी हाताशी हवाच. तो हाच. आणि ती रक्कम हातात येत नाही तोवर एफडीला गाडीसाठी हात लावू नका, कारण तोवर घराचा खरा आधार ती एफडीच आहे.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. गाडी परवडते का? सध्या तुम्ही लातूरला भाड्याच्या गाडीने जाता. दोन फेऱ्यांचे साडेचार हजार आणि बाकी सगळं एसटीने. पत्नीला अर्धं तिकीट, वडील ६५ च्या पुढचे म्हणून त्यांनाही अर्धं. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत-बाहेर भागतं. स्वतःच्या गाडीचं गणित असं : सव्वातीन लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी दीड लाखाला गेली, तर वर्षाची घट ३५ हजार. पूर्ण विमा नऊएक हजार. सर्व्हिस, टायर, बॅटरी मिळून सरासरी २० हजार. वर्षाला ८,४०० किलोमीटर, लिटरला १८ चं ॲव्हरेज आणि १०५ रुपये दर धरला तर पेट्रोल ४९ हजार. बेरीज १ लाख १३ हजार, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या जवळ.

पैशाच्या हिशोबात गाडी हरते. तरीही मी घ्या म्हणेन. रात्री दीड वाजता वडिलांना अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला न्यायची वेळ आली, तर भाड्याची गाडी दारात यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. महिन्याला साडेचार हजार जास्त मोजून ती सोय विकत घेता येत असेल तर घ्यावी. फक्त तिला बचत म्हणू नका. हा खर्च आहे, आणि खर्च जितका लहान ठेवता येईल तितका ठेवायचा.

या मापाने नवी गाडी लगेच बाद होते. पाच लाखांवर ९ टक्के दराने सात वर्षांचा हप्ता ८,०४५ रुपये, नुसतं व्याज पावणेदोन लाखांच्या वर. पेट्रोल आणि विमा वेगळा. पाऊस पुन्हा असाच पडला तर पेरणीला पैसे कुठून काढणार? शिवाय विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जे कोष्टक वापरतात, त्यात पाच वर्षांत निम्मी किंमत वजा होते. ती निम्मी दुसऱ्या कोणी तरी सोसलेली बरी. नव्या गाड्यांचा तुम्हाला एक उपयोग मात्र जरूर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्यांचे भाव उतरले. जुन्यांचे भाव त्या प्रमाणात उतरवायला डीलर सहजी तयार होत नाहीत. घासाघीस करताना हा मुद्दा काढा.

डीलरची अमेझ गाडी म्हणून चांगली आहे. वाईट आहे ते कर्ज. तो ९ टक्के म्हणतो ते फ्लॅट आहे, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज चारही वर्षं पूर्ण दोन लाखांवरच लागतं. व्याज ७२ हजार, हप्ता ५,६६७. बँक ज्या पद्धतीने दर सांगते, त्या घटत्या शिल्लकेच्या हिशोबाने हा दर १६ टक्के पडतो. डीलरला दर विचारू नका. हप्ता किती आणि एकूण किती भरायचे एवढंच विचारा आणि ते कागदावर घ्या. आणि हे कर्ज घेतलं तरी उरलेले २ लाख ६० हजार म्हणजे तुमची अख्खी एफडी. गाडी दारात येईल तेव्हा ट्रान्सफरला, विम्याला, पहिल्या सर्व्हिसला खिशात काही नसेल.

राहिली मामांची डिझायर. डिझेलचा मोह मला कळतो. लिटरला २२ आणि ९२ रुपये दर धरला तर पेट्रोलपेक्षा किलोमीटरला एक रुपया पासष्ट पैसे वाचतात, तुमच्या वापरात वर्षाला जवळपास १४ हजार. पण १ लाख ४० हजार चाललेल्या डिझेलमध्ये इंजेक्टर, पंप किंवा टर्बोचं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची ही बचत एकदम जाते. फियाटच्या मूळचं ते १.३ चं इंजिन बऱ्याच कंपन्यांनी वापरलं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पण मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं आणि ही गाडी २०२८ मध्ये १५ वर्षांची होईल. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांची नोंदणी, पर्यावरण कर. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हेच सगळं तुम्हाला ऐकवेल. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणारा माणूस असता तर मी वेगळं बोललो असतो. (मोबाइलवर दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचे व्हिडिओ येत असतील, तेही सोडून द्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आहेत म्हणून त्या स्वस्त. इकडे आणल्यावर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने.)

म्हणून माझं मत : तिन्हीपैकी एकही नाही. २०१५ ते २०१७ ची पेट्रोल डिझायर, पहिल्या पिढीची अमेझ, ह्युंदाईची एक्सेंट किंवा टोयोटाची इटिऑस शोधा, भाव तीन लाखांच्या आत. इटिऑस दिसायला साधी आणि २०२० ला बंद झाली, म्हणून लोक नाक मुरडतात. दणकटपणात ती कमी नाही. मात्र ती आणि डिझायर दोन्ही टॅक्सीत भरपूर चालल्या आहेत. पिवळ्या पाटीची गाडी नंतर पांढरी करून विकतात, तेव्हा आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) इतिहास बघा. एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते व्हेरिएंटवर अवलंबून होते; स्वस्तातलं बेसिक मॉडेल मिळतंय म्हणून तिथे दहा-वीस हजार वाचवू नका. जुन्या पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमीच धरा आणि इंधनाचे रबरी पाइप पाहून घ्या.

मॅन्युअलचा तुमचा आग्रह मला पटतो. त्याच पैशात ऑटोमॅटिकपेक्षा एक-दोन वर्षं कमी जुनी गाडी मिळते आणि केजचा कुठलाही मिस्त्री ती खोलू शकतो. मात्र जुन्या मॅन्युअलमध्ये क्लच हा खर्चाचा विषय. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे, आणि तो खर्च किमतीतून कापायचा. दुसरा गिअर पडताना खरखर होते का, उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गिअर सुटतो का हेही बघा. पत्नीला गाडी शिकायची आहे असं लिहिलंय. मग चाचणीला त्यांनाही बसवा, क्लच पायाला जड लागतो का ते त्याच सांगतील.

सध्या मला सगळ्यात जास्त भीती पाण्यात बुडालेल्या गाड्यांची आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे किती तरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन, अत्तर मारून बाजारात येणार. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. मॅट उचला, डिकीतलं स्टेपनीचं खोलगट तपासा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहा. गाडीत शिरताच फ्रेशनरचा वास भपकन आला तर जास्तच बारकाईने बघा. बुडालेल्या गाडीचं वायरिंग सहा महिन्यांनी त्रास द्यायला लागतं आणि तेव्हा विकणारा फोन उचलत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

किलोमीटर मागे फिरवणं तर सर्रास चालतं. ४५ हजार रनिंग सांगतात आणि पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी निघतात, मालकाला सोबत घेऊन त्या काढा. टायर गोटा झालेले असतील तर चार टायरचे पैसे किमतीतून वजा. दीड-दोन हजार देऊन स्वतःचा मिस्त्री सोबत न्या, डीलरने सुचवलेला नको.

पैसे कुठून, ते आता. दर महिन्याला दहा हजारांची सहा महिन्यांची आरडी (आवर्ती ठेव) आजच सुरू करा. तुमच्याकडे महिन्याला १५ हजार उरतात ते कागदावर. ते खरोखर उरतात का हे यात कळेल, आणि गाडी आल्यावर महिन्याला तेवढा खर्च झेपेल का हेही. सहा महिन्यांत ६० हजार जमले की एफडी धरून ३ लाख २० हजार होतात. त्यातले २ लाख ८० हजार गाडीला, बाकीचे ४० हजार ट्रान्सफर, विमा आणि पहिल्या दुरुस्तीला. तेवढे लागतातच. कर्ज शून्य. तोवर लातूरची भाड्याची गाडी चालू ठेवा. मध्येच पेरणीला आरडी मोडावी लागली, तर गाडी आणखी सहा महिने लांबवा.

व्यवहार बँकेतून करा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, त्यामुळे रोखीचा हट्ट धरणारा माणूस मुळातच शंका घेण्यासारखा. इसार देण्याआधी परिवहनच्या साइटवर थकलेली चलानं पाहा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद मागा. दुसऱ्या जिल्ह्याची पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी (सुरक्षित नंबर प्लेट) बसलेली हवी. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘सावकाश करू’ म्हणत ते कपाटात ठेवणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. तसं करू नका. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा, नाही तर अपघातात तुमच्या गाडीचं नुकसान कंपनी देणार नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याच नावावर राहतो. तेव्हा पहिल्या वर्षाचा प्रीमियम त्याने भरला त्यापेक्षा जास्त येईल.

मामांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण ओळींमधून दिसतो. घरच्या माणसाशी भाव करता येत नाही, आणि दोन महिन्यांनी टर्बो गेला तर तक्रारही करता येत नाही. सगळी धुसफूस पत्नीच्या वाट्याला येते. गाडीत खोट काढू नका. आमचं फिरणं एवढं कमी आहे की डिझेल परवडत नाही, असं सरळ सांगा. ते खरंही आहे. तरी त्यांनी आग्रह धरलाच, तर पुण्यातच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तपासणी करून लेखी रिपोर्ट पाठवा म्हणा, खर्च तुम्ही द्या. त्यात इंजेक्टर आणि टर्बो ठीक निघाले आणि भाव सव्वादोन लाखांपर्यंत आला, तरच पुढे बोला.