वर्गात सहायक तंत्रज्ञान पहिल्यांदाच आणताय? आधी एवढंच करा

सहायक तंत्रज्ञान म्हणजे वाचताना, लिहिताना किंवा ऐकताना अडणाऱ्या मुलांना मदत करणारी साधनं. एकदम पाच अ‍ॅप घेऊ नका. मूल नेमकं कुठे अडतं ते आधी पाहा: वाचताना, लिहिताना की ऐकताना? त्या एका अडचणीसाठी एकच साधन निवडा आणि दोन-तीन आठवडे रोज वापरा.

वाचनात अडणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ (स्क्रीनवर निवडलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) सुरुवातीला पुरेसं आहे. वेग कमी ठेवा, हेडफोन द्या, ऐकताना छापील ओळीवर बोट फिरवू द्या. मराठी आवाज आधीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ऐन तासाला इंटरनेट दगा देतं.

हमखास घोळ होतो तो स्कॅन केलेल्या पानांचा. ते पान म्हणजे नुसता फोटो, बरीच साधनं तो वाचूच शकत नाहीत. मजकूर निवडता येतो का बघा. येत नसेल तर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करा आणि रफार, जोडाक्षरं स्वतः तपासा. तिथेच जास्त चुका होतात.

आणखी दोन गोष्टी:

- बोलून टायपिंग गोंगाटात चालत नाही. तोंडाजवळचा माइक आणि शांत कोपरा हवा.
- साधन सगळ्यांना खुलं ठेवा. एकट्यालाच दिलंत तर ते मूल संकोचून वापरणं सोडतं, आणि हे फार वाईट वाटतं.

परीक्षेत हेच साधन चालेल का, ते आत्ताच विचारून ठेवा.